नाव घातलेली भांडी

जगात भांडी विकणारे पुष्कळ आहेत, पण आलेल्या गिऱ्हाइकाने शक्यतो काही घेऊ नये म्हणून चाळीस वर्षं दुकान चालवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या हिचे सख्खे मामा, म्हणजे नात्याने माझे मामेसासरे. मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून चालत चार मिनिटांवर त्यांचं दुकान होतं. रुंदी एका आडव्या झोपलेल्या माणसाएवढी, उंची मात्र थेट पोटमाळ्यापर्यंत. टोपात टोप, डब्यात डबा, परातीवर परात अशा त्या चकचकीत डोंगरांच्या मधोमध मामा स्टुलावर बसत, तेव्हा लांबून बघणाऱ्याला तेही विकायला ठेवलेत असंच वाटे. त्यांचं टक्कलही तसंच चकाकायचं.

त्यांच्या दुकानात किंमत शेवटी कळायची. आधी उलटतपासणी. एकदा माझ्यासमोर एक नवी नवरी पाच लिटरचा कुकर मागायला आली. मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "घरात किती जणं?" "आम्ही दोघंच." "दोघांना पाच लिटर? अगो, त्यात डाळ शोधायला टॉर्च लागेल तुला. तीनचा घे. पोरं झाली की ये, मी खंय पळून चाललोय?" ती तीनचा घेऊन गेली, आणि मी मनात म्हटलं, हा माणूस धंद्याची वाट लावणार. पण चार-पाच वर्षांनी ती खरंच कडेवर पोर घेऊन आली आणि पाचचा कुकर घेऊन गेली. वर तिने आपल्या जावेलाही आणलं. मामांच्या मते धंदा म्हणजे एवढंच, गिऱ्हाइकाची वाट बघत बसणं. बसायला त्यांना कंटाळा नव्हता आणि उठायला मामी होत्या. वरचा डबा काढायचा झाला की मामा नुसतं वर बघत आणि मामी पदर खोचून शिडीवर चढत. "ह्यांचं दुकान आणि माझे गुडघे," असं त्या म्हणायच्या.

दुसरी सवय भांडं वाजवून बघण्याची. डाव्या हातातल्या चांदीच्या अंगठीने टोपाला टिचकी मारायची, कान जवळ न्यायचा, डोळे मिटायचे. मग निदान. "ह्याला सर्दी झालीय." "ह्याचं बूड पातळ आहे, पहिल्याच दुधाला तोंड काळं करील." घाऊक व्यापाऱ्याकडून आलेल्या मालातले असे आजारी टोप ते त्याच टेम्पोतून परत धाडत. ही तपासणी फक्त भांड्यांपुरती राहिली असती तर बरं होतं. मी हप्त्यांवर नवा फ्रिज घेतला तेव्हा पेढा तोंडात टाकण्याआधी त्यांनी तो वाजवला आणि "पत्र्यात दम नाही" एवढं बोलून खाली बसले. पुढची तीन वर्षं बर्फ जरा कमी झाला तरी आमची ही माझ्याकडे बघून म्हणायची, "मामा म्हणालेच होते." लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा मामांनी मला वाजवून पाहिलं नाही, म्हणूनच हे लग्न जमलं, असंही तिचं मत आहे. ते ती चारचौघांत बोलून दाखवते.

पण मामांची खरी ख्याती होती ती नाव घालण्याबद्दल. लग्नात, मुंजीत, बारशाला भांडं द्यायचं तर ते नाव घालूनच, ही आपली रीत. इतर दुकानांत कोपऱ्यातलं मशीन घर्रर्र करून दोन मिनिटांत नाव उमटवतं. मामांकडेही मशीन होतं, पण ते घाईतल्या लोकांसाठी. जे गिऱ्हाईक आपलं वाटलं, त्याच्यासाठी ते वडिलांच्या वेळचा पंच आणि हातोडी काढत आणि ठिपक्याला ठिपका जोडत अक्षर उठवत. टक, टक, टक. मजकूर मात्र गिऱ्हाइकाच्या हातात नसे. एक गृहस्थ लहानशी वाटी घेऊन आले आणि तिच्यावर आजोबा-आजी, काका-काकू, चुलत भावंडं अशी अख्खी पलटण घाला म्हणाले. मामा म्हणाले, "अहो, वाटी आहे ही. सातबारा नाही." शेवटी 'सर्वांकडून' एवढ्यावर तडजोड झाली. आणि एकदा एक बाई एक जुना टोप पिशवीत लपवून घेऊन आल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या. "हे नाव खोडून द्या," म्हणाल्या. मामांनी बराच वेळ टोप हातात फिरवला. मग अलीकडच्या 'सौ.'वर आणि पलीकडच्या आडनावावर बारीक वेलबुट्टी काढली आणि मधलं तिचं नाव तेवढं तसंच ठेवलं. "तू होतीस ती आहेस गो," म्हणाले. त्याचे पैसे घेतले नाहीत. असे न घेतलेले पैसे हा मामींच्या आणि त्यांच्या भांडणाचा कायमचा विषय होता.

मग सगळ्यांच्या हातात फोन आले. लोक दुकानात यायचे थांबले नाहीत, हे लक्षात घ्या. ते येतच राहिले, फक्त घ्यायचे थांबले. डबा हातात घ्यायचा, झाकण उघडून बघायचं, मामांना चार प्रश्न विचारायचे, आणि मग फोन पुढे करायचा.

"काका, सेम डबा ह्याच्यात दोनशेने कमी दाखवतोय."

"दाखवतोय ना? आता ह्याच्यातच वाजवून दाखव बघू."

फोनवाला मुलगा हसला, मामा हसले, मीही हसलो. मुलाने डब्याचा फोटो काढला आणि गेला. त्या वर्षी असं हसणं फार झालं.

पुढची पायरी याहून भारी होती. लोक फोनवरून मागवलेली भांडी घेऊन नाव घालायला मामांकडेच येऊ लागले. मी म्हटलं, "मामा, सरळ हाकलून द्या." मामा म्हणाले, "भांड्याने काय घोडं मारलंय?" बरं, नुसतं नाव घालून गप्प बसतील तर ते मामा कसले? आधी टिचकी, मग डोळे मिटून निदान. "बूड पातळ आहे हो ह्याचं. परत करा हा, दुसरा मागवा." माणूस आनंदाने टोप परत करायचा, दुसरा मागवायचा आणि तो दाखवायला पुन्हा यायचा. अशा रीतीने देशातल्या सगळ्यात श्रीमंत दुकानाचा माल तपासून देण्याचं काम मुलुंडातल्या एका सगळ्यात फुकट्या तज्ज्ञाने अंगावर घेतलं.

याच सुमारास तिथल्या व्यापारी मंडळाने एका शाळेच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं. विषय, छोट्या दुकानदारांनी मोठ्या ऑनलाइन कंपन्यांपुढे कसं टिकावं. मामांना मी ओढून नेलं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे आणि ज्या गोष्टीतलं आपल्याला काही कळत नाही तिथे इतरांना नेण्याची मला हौस आहे. गालाला माइक चिकटवलेला एक तरुण स्टेजवर इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होता. "किमतीत लढू नका! त्यांना जमत नाही ते करा!" मामांनी हात वर केला. "बाळा, त्यांना काय जमत नाही?" तो म्हणाला, "पर्सनल टच, अंकल!" मामा माझ्या कानाशी वाकले. "म्हणजे काय हो?" मी कुजबुजलो, "तुम्ही नाव घालता ना, ते." मामांनी मान डोलावली. चाळीस वर्षं आपण काय करत होतो हे त्यांना त्या दिवशी इंग्रजीत कळलं. निघताना प्रत्येक दुकानदाराला एकेक स्टीलची बाटली भेट मिळाली. मामांनी ती वाजवली, मग उलटी केली. बुडाला फोनवरून भांडी विकणाऱ्या त्याच बड्या कंपनीचं स्टिकर होतं. "मंडळाला स्वस्त पडली असेल," मामा म्हणाले. त्या हॉलमध्ये भांड्यांचे पाच दुकानदार बसले होते.

तरीही आम्ही त्या कंपनीवर दुकान उघडलं. कल्पना माझी, फोन माझा, उत्साह माझा. दुकान फक्त मामांचं. टोप, डबे, परातींचे फोटो मी स्वतः काढले. मामांनी रात्रंदिवस घासून ठेवलेला माल, त्यामुळे प्रत्येक टोपाच्या पोटात मीच दिसत होतो, दोन्ही हात वर आणि ढेरी पुढे. एका गिऱ्हाइकाने खाली प्रश्न टाकला, "फोटोतले काका बरोबर येतात का?" मागे भिंतीवर मामांची एक जुनी पाटी लटकत होती, 'नाव घातलेले भांडे परत घेतले जाणार नाही'. ती फोटोत गबाळी दिसते म्हणून मी काढून शिडीमागे ठेवली. हे मी इथे कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे लाजायला मोकळा.

पहिली ऑर्डर आली तेव्हा मामींनी देवापुढे साखर ठेवली. अकोल्याहून कुणीतरी एक मध्यम टोप मागवला होता. मग नाशिक, मग सांगली, मग सोलापूरचे दोन डबे. मामांना गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. प्रत्येक ऑर्डरबरोबर चिकटवायचा कागद निघे आणि त्यावर घेणाऱ्याचं नाव असे. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर मामा मांडी घालून बसलेले, गुडघ्यात टोप, हातात पंच. टक, टक, टक.

"मामा, त्यांनी नाव घालायला सांगितलंय का?"

"सांगायला कशाला हवं? कागदावर लिहिलंय ना नाव. मुलगी सासरी धाडताना कपाळ मोकळं ठेवून धाडतात काय?"

त्या क्षणी मी त्यांना थांबवायला हवं होतं. एखाद्या शहाण्या माणसाने थांबवलंच असतं. मी म्हणालो, "वा मामा! ह्यालाच तर पर्सनल टच म्हणतात!"

तीन आठवड्यांत भांडी परत यायला लागली. सांगलीच्या माणसाने लिहिलं होतं, 'वापरलेला माल पाठवला, कुणाचं तरी नाव आहे.' ते त्याचंच नाव होतं. मामांचं वळण जुनं, त्याला वाचता आलं नसावं. सोलापूरच्या बाईंना डबे त्यांच्या नणंदेला भेट द्यायचे होते आणि आता नणंद म्हणत होती, स्वतःचे जुने डबे माझ्या गळ्यात मारलेस. एका गृहस्थाने तर पोलिसांत जाण्याची धमकी दिली. 'माझं नाव ह्यांना कसं कळलं? माझी खाजगी माहिती वापरून माझ्या टोपावर कोरली आहे.' खाली एक तारा. मामांनी विचारलं, "एक तारा म्हणजे बरं काय?" मी म्हटलं, "फार बरं नाही." दुकानाच्या दारात रोज कंपनीचा निळ्या शर्टातला माणूस परत आलेली खोकी आणून टाकायचा आणि मामा एकेक भांडं काढून त्यावरचं नाव मोठ्याने वाचायचे. रागावत नव्हते. त्यांना समजतच नव्हतं. "लबाड माल असता तर समजलो असतो. आवाज साफ आहे, बूड जाड आहे. स्वतःचं नाव कुणी परत करतं काय हो जावई?"

मी त्यांना समजावलं की यापुढे नाव घालायचं नाही. दोन टोप त्यांनी तसेच कोरे पाठवले आणि त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत, असं मामींनी मला फोन करून सांगितलं. तोवर उशीरच झाला होता. कंपनीकडून संदेश आला, 'प्रिय विक्रेता भागीदार, वापरलेला माल नवा म्हणून विकल्याच्या तक्रारींमुळे आपलं खातं बंद करण्यात येत आहे.' मामांनी शाईच्या पेनाने दोन पानी उत्तर लिहिलं आणि मला म्हणाले, पत्ता द्या. पत्ता नव्हता. फोन नंबर होता. तो लावला तर एक गोड बाई मराठीसाठी चार दाबा म्हणाली. चार दाबल्यावर तीच बाई तेच मराठीत म्हणाली आणि मग गाणं लागलं. मामा अर्धा तास फोन कानाला धरून उभे होते, मोठ्या माणसाच्या घरी दारात उभं राहावं तसे. मध्येच माइकवर हात ठेवून मला म्हणाले, "कोणीतरी आत गेलंय बहुतेक सांगायला." आत कोणीही गेलं नव्हतं. मला ते माहीत होतं आणि मी त्यांना बसा म्हणालो नाही.

दोनेक महिन्यांनी त्याच कंपनीची नवी जाहिरात माझ्या फोनवर आली. 'आता तुमच्या आवडत्या भांड्यावर तुमच्या माणसाचं नाव!' लेझरने, बोटाच्या एका टिचकीवर, हव्या त्या वळणात. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, नाव घातलेली वस्तू परत घेतली जात नाही. मी शिडीमागून ती जुनी पाटी काढली, पुसली आणि पुन्हा खिळ्याला लावली. मामांनी ती लावताना पाहिली. जाहिरात मी त्यांना दाखवली नाही.

आता दुकानाला एकच आशा उरली होती आणि ती आमच्या घरात होती. आमच्या लेकीचं लग्न रजिस्टर झालं, जेवणावळ नाही, मानपान नाही. ती आणि जावई दोघेही बीकेसीत नोकरीला. दिंडोशीला एका टॉवरमध्ये त्यांनी घर घेतलं. मामा वर्षभर त्या घराचा संसार गोळा करत होते. पोटमाळ्यावर एक कोपरा त्यांनी राखून ठेवला होता. त्यात एकेक टोप निवडून, वाजवून, मलमलच्या फडक्यात गुंडाळून. कुणी मागितलं तर म्हणायचे, "तो विकायचा नाही, आमच्या चेडवाचा आहे." चेडू म्हणजे आमची लेक. दुकान चालू ठेवायचं की जागा सोडून द्यायची, याची मामींशी बोलणी रोज चालत. मामांचं उत्तर ठरलेलं होतं, "चेडवाचं घर लागू दे. घरची माणसं अजून आपल्याकडून घेतात तोवर हे दुकान आहे. नाहीतर मग कुणासाठी उघडायचं?"

हे वाक्य मी ऐकलं होतं. आमच्या हिनेही ऐकलं होतं. आणि एका दुपारी ऑफिसात लेकीचा फोन आला, "बाबा, तुमचं कार्ड वापरतेय हं, किचनचा पूर्ण सेट आहे, आज सेल संपतोय. ओटीपी सांगा पटकन." किचनचा म्हणजे काय, असं विचारण्याएवढा वेळ होता. मी विचारलं नाही. मी फक्त ओटीपी सांगितला. जगातली बरीचशी पापं अशीच होत असावीत. करणारा दुसराच असतो, आपण फक्त ओटीपी सांगतो. घरी येऊन हिला सांगितलं, तर ती म्हणाली, "मामांना कोण सांगणार?" दोघांनी मिळून असं ठरवलं की कोणीच सांगायचं नाही.

वास्तूच्या दिवशी मामा मुलुंडहून गोरेगावच्या बसने आले. मामी बरोबर होत्या. हातात पिशवी आणि पिशवीत पंच आणि हातोडी. बाकीचा संसार टेम्पोने उद्या येणार होता. आज एक नाव तरी मुहूर्तावर घालायचं, म्हणून ते रिकाम्या हाताने न येता हत्यार घेऊन आले होते. लेक धावत आली, पाया पडली. "आजोबा, या ना, किचन बघा माझं!" आणि मामांनी किचन बघितलं. ओट्यावर सगळं लागलेलं होतं. टोप, कढया, डब्यांची उतरंड, सगळं एकाच रंगाच्या मुठींचं. आमची ही एकदम फ्रिज उघडून त्यात काहीतरी शोधायला लागली. फ्रिज रिकामा होता.

मामा पुढे झाले. एक टोप उचलला, टिचकी मारली, डोळे मिटले. आम्ही सगळे निदानाची वाट बघत उभे. माझी मनापासून इच्छा होती की त्यांनी म्हणावं, बूड पातळ आहे. काहीतरी वाईट म्हणावं. मामा म्हणाले, "भांडं चांगलं आहे. आवाज साफ आहे. बघून घेतलंस गो."

मग ते खाली फरशीवर बसले, टोप गुडघ्यात धरला आणि पंच काढला. "नाव काय घालू? तुझं एकटीचं, का दोघांचं?"

"आजोबा, नको ना आत्ता," लेक घाईने म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, ती माझी मुलगी आहे, मला माहीत आहे. "स्क्रॅच पडला तर घेणार नाहीत ते. अजून दहा दिवस रिटर्न करता येतो. मला कढया नक्की ठेवायच्या आहेत का, ते ठरलं नाहीये."

मामांनी पंच फडक्यात गुंडाळला. "बरोबर आहे," म्हणाले. "आधी ठरव." मग मामींना म्हणाले, "ह्यांच्याकडे चहा झाला असेल तर बघ." जेवायला ते व्यवस्थित जेवले, श्रीखंड दुसऱ्यांदा घेतलं, माझ्या जावयाला कोणती कढई कशी घासायची ते नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला नाही. कोणी विचारलंही नाही.

दुकान दिवाळीआधीच बंद झालं. दिवाळी हा भांड्यांचा हंगाम, निदान एवढं तरी काढा, असं मी सांगायला गेलो, तर मामी शिडीवर होत्या आणि मामा खालून नुसतं वर बघत होते. माल एका घाऊकवाल्याने उचलला. पोटमाळ्यावरचे मलमलमध्ये गुंडाळलेले टोपही त्यातच गेले. फक्त परत आलेली, नाव घातलेली भांडी त्याने घेतली नाहीत. परक्या नावाचं भांडं कोण घेणार? ती सगळी मामांच्या घरी गेली. पलंगाखाली, कपाटावर, गॅलरीत. मामी कोथिंबीर निवडायच्या ती सांगलीच्या माणसाच्या परातीत.

मला वाटलं, आता मामा खचणार. पण महिन्याभराने आमची ही मला म्हणाली, "मामांनी काहीतरी नवीन काढलंय, जाऊन बघ." गेलो तर मामा जमिनीवर बसून जुन्या कापडात एक डबा शिवत होते. वर जाड शाईने पत्ता.

"हे काय मामा?"

"पाठवतोय. ज्याचं त्याला."

"पण त्यांनी परत केलंय ते! त्यांना त्यांचे पैसेही मिळाले!"

"त्यांचं नाव आहे त्याच्यावर. दुसऱ्याचं भांडं आपल्याकडे किती दिवस ठेवायचं? शेजारधर्म म्हणून काही आहे का नाही?"

"आणि रिकामं नाही हो पाठवत," मामी आतून म्हणाल्या. त्या कढईत रवा भाजत होत्या. दर डब्यात चार लाडू. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत मलाही माहीत आहे. पण सोलापूर हा मुलुंडचा शेजार कधीपासून झाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी सुई-दोरा धरला. पोस्टात रांगेत उभं राहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. शनिवारी एक किंवा दोन. काही पार्सलं 'घेणाऱ्याने नाकारले' असा शिक्का घेऊन परत आली. ते लाडू आम्ही खाल्ले. बाकीच्यांचं काहीच कळलं नाही. आत चिठ्ठी असायची, मामांच्या हातची. 'आपले भांडे माझ्याकडे राहिले होते. क्षमस्व.' खाली फोन नंबर.

गेल्या शनिवारी मी तिथेच होतो, तेव्हा तो फोन वाजला. अकोल्याहून एक बाई. मामांना फोनवरचं कमी ऐकू येतं म्हणून ते फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावतात. "काका, टोप मिळाला. तो मी नाही हो परत केला होता, आमच्या ह्यांनी केला होता, मला विचारलंसुद्धा नाही. मी माझं नाव घातलेलं पहिल्यांदाच पाहिलं. माहेरच्या भांड्यांवर आईचं होतं, इथल्यांवर सासूबाईंचं." मग म्हणाली, "मला अजून हवी होती. एक मोठा टोप, दोन कढया, आणि माझ्या बहिणीचं घर लागतंय तिच्यासाठी पूर्ण. ठिपक्यांनीच नाव घालून. मिळतील ना?"

मामांनी मामींकडे बघितलं. मामींनी रवा भाजायचं थांबवलं. मी मान हलवून नाही नाही अशी खूण करत होतो. मामांनी पेन शोधलं, माझ्या खिशातलं काढून घेतलं आणि पोस्टाच्या पावतीमागे लिहायला लागले. एक मोठा, दोन कढया, बहिणीचं नाव काय म्हणालात? हं. बोला. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. घाई केली नाही. "लिहून घेतलंय," म्हणाले. "कळवतो तुम्हाला."

मामांनी फोन ठेवला. मग मामी म्हणाल्या, "अहो, सांगायचं ना बाईला, दुकान नाही आता म्हणून."

मामा पावती उलटीसुलटी बघत होते.

"सांगतो गो," म्हणाले. "उद्या सांगतो. आज असू दे एक गिऱ्हाईक."